कास्कावेलचा काठ

मॉरिशस. अख्ख्या देशाची लोकसंख्या पिंपरी-चिंचवडपेक्षा कमी. आणि मी तिथे एसीत बसून मोजायचो, की लोक मोबाइलवर अंडी किती फोडतात. पगार त्याचाच.

मी समाधान ढगे, बार्शीचा. डिग्री नाही. मोबाइल रिपेअरच्या दुकानात गिऱ्हाईक नसलं की व्हिडिओ बघत कोडिंग शिकलो. मग ऑनलाइन स्पर्धा, मग एका गेम कंपनीचा फोन, मग विमान. आयुष्यातलं पहिलं.

गेमचं नाव 'नेस्ट'. गाचा गेम. गाचा म्हणजे काय ते आईला फोनवर सांगताना मी शाळेबाहेरच्या टपरीची आठवण करून दिली. पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या चिठ्ठ्या, एक फाडायची, कुणाला शिट्टी, कुणाला फुगा, आणि वर मधोमध लटकवलेली बॅट कुणालाच नाही. गाचा तेच. फक्त टपरी खिशात असते आणि मास्तर हाकलायला येत नाहीत.

नेस्टमध्ये अंडं फोडायचं. आतून बहुतेक वेळा चिमणी निघते. सगळ्यात दुर्मीळ सोनेरी डोडो. डोडो याच बेटावरचा पक्षी. माणसांनी त्याला कधीच संपवला, आणि आता तो फोनमध्ये निघावा म्हणून माणसंच झुरतात.

कंपनीने गेम आधी इथे का सोडला? भाजी पंगतीत वाढायच्या आधी थेंबभर हातावर घेऊन मीठ बघतात, त्यासाठी. छोटा देश, प्रत्येकाकडे फोन, फसलं तरी बोंब होत नाही. जमलं की मग मोठे देश. आमचा पुढचा नंबर महाराष्ट्र होता. गेम मराठीत येणार, टीम पुण्यात बसणार, आणि ती टीम मला मिळणार असं जवळजवळ ठरलेलं. पुणे म्हणजे बार्शीपासून एका एसटीवर. आईने शेजारीपाजारी सांगूनही टाकलं होतं.

पण आधी 'काठ' पास व्हायला हवा होता.

काठ हे नाव माझं. इंग्रजी नाव लांबलचक आहे. गोष्ट सोपी आहे. मेंदूला बक्षिसापेक्षा बक्षिसाची वाट बघणं जास्त चढतं, हे शास्त्रज्ञांना जुनंच माहीत. नवीन होता तो अंगठा. स्क्रीनवर अंगठा किती जोरात टेकतो, किती वेळ रेंगाळतो, उचलताना किती थरथरतो, हे फोन मोजतो. पुढचा कॅमेरा डोळ्यातली बाहुली किती मोठी झाली ते बघतो. यावरून मशीन ओळखतं, की या माणसाची आशा आत्ता कुठवर आलीय. प्रत्येकाचा एक काठ असतो. काठाच्या अलीकडे असेपर्यंत माणूस अजून एक अंडं फोडतो. पलीकडे गेला की फोन ठेवून देतो आणि जेवायला बसतो.

तर मशीन काठ शोधतं आणि त्याच्या जरा आधी काहीतरी हातात ठेवतं. डोडो नाही. एखादा बरा पोपट. माणूस मागे फिरतो, नव्या जोमाने अंडी फोडतो, परत काठापाशी येतो. परत पोपट.

आधीच्या गेममध्ये नशीब सगळ्यांना सारखं होतं. आता शिंप्याने माप घेऊन शिवल्यासारखं, ज्याचं त्याला.

मी हे बनवलं नव्हतं. मी फक्त ते चालतंय का ते बघायचो. आणि चालत होतं. बेटभर कमाई चढत होती. मला वाईट वाटायचं का? खरं सांगतो, नाही. मला रेषा दिसायची. वर जाणारी रेषा बघून छानच वाटतं.

फक्त एका ठिकाणी रेषा हलेना. कास्कावेल.

गंमत म्हणजे मी राहायलाच कास्कावेलला होतो. पश्चिमेच्या बाजूचं गाव, उसाची शेतं, मागे डोंगर, आणि मराठी घरं. कोकणातून पूर्वी बोटीने आलेल्यांची. माझ्या घरमालकीण मालिनी सकाराम. सकाराम हे आडनाव. बोटीवरून उतरलेल्या सखारामचं नाव कुणा गोऱ्या कारकुनाने आडनाव म्हणून लिहिलं, ते पिढ्यान् पिढ्या चिकटलं. मी त्यांना मावशी म्हणायचो. त्यांची मुलगी देवीना, माझ्याच वयाची, हॉटेलात रिसेप्शनवर. ती मराठी शाळेत शिकलेली, त्यामुळे बोलताना पाठ्यपुस्तक उघडल्यासारखं.

"तू कार्यालयातून कधी परतलास?"

"आत्ताच आलो ऑफिसातून."

"कार्यालय हा शब्द अशुद्ध आहे काय?"

"शुद्ध आहे. म्हणूनच कुणी वापरत नाही."

मग ती मला क्रिओलमध्ये, म्हणजे इथल्या बोलीत, काहीतरी सुनवायची आणि मावशी हसायच्या. मला ती आवडायची. तिला माहीत होतं की नाही, ठाऊक नाही.

ऑफिसाबद्दल ती मला एकच विचारायची, तू करतोस काय. मी म्हणायचो, डेटा. हा शब्द फार सोयीचा आहे. पुढे कुणी विचारत नाही.

माझी बॉस इझाबेल. इथलीच, फ्रेंच घराण्यातली. मला सॅम म्हणते. तिने नकाशा पडद्यावर लावला.

"सॅम, हा डाग काय आहे?"

"कास्कावेल. मशीनला काठ सापडत नाहीये. अंगठ्याचे आकडे वेडेवाकडे येतायत."

"लोक खेळत नाहीत?"

"खेळतात की. सोडून पण जात नाहीत. फक्त वाहवत नाहीत."

"तिथले प्लेअर काय लिहितात?"

मी अभिप्राय वाचून दाखवले. लोक क्रिओलमध्ये लिहितात, मशीन इंग्रजी करून देतं. कास्कावेलच्या अभिप्रायांत एकच वाक्य सारखं यायचं: आम्ही बसून खेळतो.

इझाबेल म्हणाली, "सगळेच बसून खेळतात. धावत कोण खेळतं?" तिने महिनाअखेरची मुदत दिली. "तोवर कारण शोध. नाही सापडलं तर प्रत्येक अंड्याआधी चेहरा तपासायची सोय टाकू. एक खातं, एक चेहरा. मग मशीनचा गोंधळ होणार नाही."

तो रविवार मी आकडे घेऊन खोलीवरच थांबलो. एरवी रविवारी मी दिवसभर समुद्रावर जायचो. त्याला कारण होतं. ऑफिसजवळची खोली सोडून इथे राहायला आलो तेव्हा मी देवीनाला विचारलेलं, रविवारी मला बाजार दाखवशील का. ती सहज म्हणाली, "रविवारी जमणार नाही. माझी पाळी आहे."

मी बार्शीचा. आमच्याकडे मुली असं तोंडावर सांगत नाहीत. मी "हो हो, आराम कर" म्हणून कानापर्यंत लाल झालो. रविवारी घरी बायका जमतात हेही मला दिसायचं. मी धरून चाललो, की काहीतरी बायकांचं असेल, आपण नसलेलं बरं.

त्या रविवारी दुपारी व्हरांड्यातून हसण्याचा कल्लोळ आला. पाणी घ्यायला म्हणून बाहेर गेलो. पाच-सहा बायका गोल बसलेल्या, मध्ये गातो पिमाचं ताट, म्हणजे डाळीचे तिखट वडे, आणि ताटाशेजारी एक जुना फोन. फोनवर नेस्ट.

शेजारची प्रिसिला अंगठा नाचवत होती. "माझा अंगठा आज गरम आहे. बघाच."

तिने अंडं फोडलं. चिमणी. सगळ्या खिदळल्या. मावशी म्हणाल्या, "गरम अंगठ्याने चिमणी भाजली."

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"सीत," देवीना म्हणाली. "तुला सीत माहीत नाही?"

नव्हतं माहीत. तिने समजावलं. पूर्वी बायका पैशांची सीत लावायच्या, अजूनही लावतात. डब्यात नावांच्या चिठ्ठ्या. जिची निघेल तिचा नंबर, मग ती फेरीतून बाहेर, बाकीच्यांच्या उरतात. सगळ्यांचं एकदा झालं की नवी फेरी.

"म्हणजे भिशी," मी म्हणलं.

"आम्ही अंड्यांची लावली. आज चिठ्ठी काढायची, पुढच्या रविवारी तिची पाळी. ती पाच अंडी फोडते, आलेले पक्षी तिचे. मग फोन प्रिसिलाच्या कपाटात."

"तिची काय?"

"पाळी. क्रम. टर्न." तिने माझ्याकडे बघितलं. "तुझा चेहरा असा का झाला?"

मला सांगावं लागलं. तिने दोन सेकंद विचार केला आणि मग जी हसत सुटली, की बाकीच्यांना क्रिओलमध्ये भाषांतर करून सांगताना तिला धड बोलता येईना. प्रिसिलाने मला वडा भरवला आणि गरम पाण्याची पिशवी आणू का विचारलं.

हसता हसता मला ते अभिप्राय आठवले. सीत. मशीनने त्याचं इंग्रजी 'सिट' केलं होतं. आम्ही बसून खेळतो.

एका फोनवर सहा अंगठे. मशीन त्यांना एकच माणूस समजून त्याची आशा मोजत बसलेलं. कुठून सापडणार काठ? आणि नुसतं तेवढंच नाही. पाचही चिमण्या निघाल्या तरी सहावं अंडं आपलं नाहीच, म्हटल्यावर माणूस काठाकडे जातच नाही. हसतो आणि वडा खातो.

"गावात अजून कोण लावतं अशी?" मी विचारलं.

"मंदिराकडे आहे. चर्चजवळ आहे. फुटबॉलवाल्या पोरांची पण आहे," देवीना म्हणाली. "सुरुवात माझ्यामुळे झाली."

मग तिने सरळ सांगितलं. ती आधी एकटी खेळायची. बाथरूमच्या दाराला कडी लावून. पाय मुंग्या येऊन बधिर होईपर्यंत. मावशींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं त्या दिवशी ती त्यांना हॉस्पिटलातून आणायलाच विसरली. हॉटेलच्या बाथरूममध्ये अंडी फोडत होती.

मावशी म्हणाल्या, "मी बाकावर बसून एका डोळ्याने सगळ्या मोटारी बघितल्या. आमची एक पण नाय."

"सोडून बघितलं," देवीना म्हणाली. "जमलं नाही. मग प्रिसिला म्हणाली, आपण सीत लावू, तू एकटीने अंड्याला हात लावायचा नाही. आता रविवारची वाट बघते. तेवढं जमतं."

आणि मग, इतकं सगळं सांगितल्यावर साहजिकच, तिने विचारलं, "तू का इतकं विचारतोस?"

मी डेटा म्हणू शकलो असतो. नाही म्हणलं. सगळं सांगितलं. अंगठा, बाहुली, काठ, पोपट.

देवीना हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे मी बाथरूममध्ये बसायचे, तेव्हा तू पलीकडून बघत होतास."

"तुला नाही. मला फक्त रेषा दिसते."

"ती रेषा मी होते."

मावशी ताट उचलता उचलता म्हणाल्या, "आई-बापाने नाव समाधान ठेवलं, आणि काम हे."

पुढचे काही दिवस देवीना माझ्याशी बोलली नाही. मावशी जेवण दारात ठेवायच्या, झाकून, गरम. तेच जास्त लागायचं.

ऑफिसात मी ते कारण लिहायला घेतलं आणि पुसलं. कारण लिहिलं, की इझाबेल चेहरा तपासणी टाकणार. एक खातं, एक चेहरा. सीत संपली. देवीना परत एकटी, आणि मशीनकडे तिचं जुनं माप अजून होतं. मी बघितलं. तिचा काठ तिथे व्यवस्थित जपून ठेवलेला होता.

नाही लिहिलं तरी चेहरा तपासणी येणारच होती.

मग मी जे मला येतं ते केलं. आकडे उपसले. आतापर्यंत सगळे कमाई बघत होते. मी माणसं बघितली. काठ चालू झाल्यावर कोण किती दिवस टिकलं, आणि गेलेलं कोण परत आलं.

परत कुणीच आलं नव्हतं.

माणूस वाहवतो, आटतो आणि जातो. जाताना चिडून चार मित्रांना घेऊन जातो. मोठ्या देशात हे दिसतच नाही. एक गेला की दारात दोन नवीन उभे, रेषा वरच. पण इथे माणसं मोजकी. मी रेषा पुढे ओढून बघितली, तर वर्षभरात बाकीच्या बेटावर खेळायला कुणी उरत नव्हतं. छोट्या देशात भांड्याचा तळ लवकर दिसतो. कास्कावेलची रेषा मात्र बुटकी, आडवी, कंटाळवाणी, आणि अजिबात न संपणारी. कुठेतरी पुढे जाऊन ती बाकी सगळ्यांना ओलांडत होती.

संध्याकाळी मी देवीनासमोर लॅपटॉप ठेवला. ती अंगणात दोरीवरचे कपडे काढत होती.

"इझाबेलला सांगू का? तू नको म्हणलीस तर नाही सांगत. पण मग चेहरा तपासणी नक्की येणार."

"आणि सांगितलंस तर?"

"कदाचित नाही येणार. कदाचित."

तिने पडद्याकडे बराच वेळ बघितलं. "ही आमची रेषा? किती कुरूप आहे."

"फार."

"तपासणी आली तर मी परत बाथरूममध्ये जाईन, समाधान. मला माहीत आहे. मी स्वतःला फसवत नाही." तिने चादरीची घडी घातली, एक टोक माझ्या हातात दिलं. "तुझ्या बाईंना इकडे घेऊन ये. पडद्यावर दाखवून कुणाला काही कळत नाही."

इझाबेल रविवारी आली. बूट काढायचे की नाही या गोंधळात दारातच उभी. प्रिसिला तिला क्रिओलमध्ये म्हणाली, बूट राहू दे, अंगठा सांभाळ. आणि इझाबेल मोकळी हसली.

"सीत," ती मला म्हणाली. "आमच्याकडे सांभाळायला बाई होती, ती लावायची. मी क्रिओल बोलते, सॅम. पण रिपोर्ट इंग्रजीत येतो ना."

मी तिला व्हरांड्यातच दोन्ही रेषा दाखवल्या. ती मान हलवत होती, पण पटल्यासारखी नाही. "वर्षभराने ओलांडेल. मुख्य ऑफिस तीन महिन्यांच्या पुढचं बघत नाही."

देवीना म्हणाली, "पाहुण्यांची चिठ्ठी टाकतो आम्ही. नाव लिहा."

इझाबेलने नाव लिहिलं. मावशींनी डबा हलवला, चिठ्ठी काढली. इझाबेलचीच निघाली. मावशींनी काही केलं का? मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही.

"मग फोडू?" इझाबेलने फोनकडे हात नेला.

प्रिसिलाने तिच्या हातावर हलकी चापटी मारली. "पुढच्या रविवारी."

बुधवारी इझाबेल माझ्या टेबलापाशी आली. कॉफी हातात, उगीच इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "रविवारी किती वाजता जमतात त्या?"

"तुमच्याकडे गेम आहे की फोनवर. हवी तेवढी अंडी फोडा."

"ते वेगळं," ती म्हणाली. मग कॉफी न पिता निघून गेली.

रविवारी तिला चार चिमण्या आणि एक बगळा निघाला. बगळा बायकांनी फार नावाजला. सोमवारी तिने मुख्य ऑफिसशी दार लावून बोलणं केलं. बराच वेळ. बाहेर आली तेव्हा दमलेली दिसत होती.

जे ठरलं ते असं. चेहरा तपासणी नाही. गेममध्ये सीत नावाची सोय, सगळ्या बेटासाठी. सीतमध्ये असाल तर काठ बंद, नशीब सगळ्यांना सारखं. एकटे खेळाल तर काठ चालू. हे मला आवडलं नाही आणि मी तसं म्हणलं. इझाबेल म्हणाली, "अर्धंच दार उघडलंय, माहितेय मला. पाय घालून ठेव."

काठ पास झाला नाही, म्हणून महाराष्ट्र पुढे ढकलला. पुण्याची टीम झाली नाही. आईला सांगितलं तर ती म्हणाली, शेजारच्यांना काय सांगू. मी म्हणलं, सांग, पोरगा भिशी लावतोय परदेशात.

पावसाळा, म्हणजे इथला, येऊन गेला. बेटावर सीती उगवायला लागल्या. एका शाळेतल्या शिक्षकांची, एका बसस्टँडवरच्या ड्रायव्हरांची, एक तर नवरा-बायको आणि दोन्हीकडच्या सासवांची. एकटे खेळणारे कमी होत गेले. सगळे नाही. अजून काही रेषा थरथरतात. मी आता त्या रेषांना रेषा म्हणत नाही. कोण आहे ते मला कळत नाही, पण कुणीतरी कडी लावून बसलंय एवढं कळतं. सीतमध्ये या, असा निरोप गेम त्यांना आपण होऊन पाठवतो. ते मी लिहिलंय. काही येतात.

देवीना परत माझी मराठी दुरुस्त करते. मी तिची बिघडवतो. परवा ती ऑफिस म्हणाली आणि जीभ चावली. बाजारही दाखवला तिने, शनिवारी.

आणि मग तो रविवार. पाळी देवीनाची होती. आदल्या रविवारी तिचीच चिठ्ठी निघालेली. बायका जमल्या, फोन मध्ये ठेवला, वड्यांचं ताट आलं. देवीना नाही.

प्रिसिला खिडकीखाली जाऊन ओरडली. उत्तर नाही. मला वाटलं ते सांगायला लाज वाटते, पण वाटलं. मी बाथरूमच्या दाराकडे बघितलं. दार उघडं होतं. आत कुणी नव्हतं.

मावशी तिच्या खोलीत डोकावून आल्या. ओठांवर बोट. "झोपली आहे. स्वतःचा फोन हॉलमध्येच टाकलाय तिने."

"उठवू?" प्रिसिला म्हणाली. "तिची पाळी आहे."

"कशाला? तिला आठवण नाय राहिली. बरं झालं."

मग आम्ही वडे खाल्ले. ऊन उतरलं. अंडं तसंच राहिलं पडद्यावर, मग पडदा आपोआप काळा झाला. कुणी हात लावला नाही. आतून देवीनाच्या घोरण्याचा बारीक आवाज येत होता.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात इझाबेलने मला बोलावलं. तिच्या पडद्यावर कास्कावेल उघडं होतं.

"सॅम, काल दुपारी तुमच्या सीतचा एकही स्पर्श नाही. अख्खा रविवार रिकामा. गेममध्ये बग आहे का?"

"नाही," मी म्हणलं. "झोप आहे."